बासवाल्यावरून अबोला

चिखल्याचे भाऊजी आणि आमचे हे जवळजवळ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारणारे पुष्कळ होते, पण मला ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. साकोलीत आमच्या घरासमोर किराणा दुकान आहे. त्या दुकानदारानं एकदा विचारलंच, "काकू, तुमच्या इथं ते चिखल्याचे पाहुणे येत होते ना, उंच, पांढऱ्या मिशीवाले? आजकाल काहून नाही दिसत? शेताचं काही झालं का?" मी म्हटलं, नाही. "मंग पोरीच्या सोयरिकीचं?" म्हटलं, तेही नाही.  मी साखर घेतली आणि घरी आले. काय सांगणार होते त्याला? दोन म्हातारे, एक जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला, दुसरा मँगनीजच्या खाणीतून, आणि भांडण कशावरून, तर सातासमुद्रापलीकडच्या एका गिटारवाल्यावरून. तोही साधा गिटारवाला नाही. बासवाला.

चिखल्याचे भाऊजी आमच्या नात्यातले नव्हेत. ह्यांचे मित्र. दोघं भंडाऱ्याला आयटीआयमध्ये एका वर्गात होते. हे साकोलीजवळच्या तलावाकाठच्या गावातले, घरची धानाची शेती. भाऊजी तुमसरकडचे. दोघांनी मिळून एक खोली केली होती. खोलीत एक स्टोव्ह, दोन गाद्या आणि भाऊजींच्या मामानं दिलेला जुना टेपरेकॉर्डर. त्याला दोन स्पीकर होते, पण उजवा जळालेला.

एकदा काही कामानं दोघं नागपूरला गेले आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरून हिंदी सिनेमाच्या गाण्यांची म्हणून एक कॅसेट घेऊन आले. खोलीवर येऊन लावली, तर आत भलतंच. इंग्रजी गाणी. आणि गाणारा जसा काही शेजारच्या गल्लीत उभा राहून गातो आहे, इतका लांब. जवळून ऐकू येत होता तो एकच आवाज, जाड, गोल, खालून चालत जाणारा. पुढे फॅक्टरीतल्या कुणीतरी ह्यांना समजावून सांगितलं की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं दोन बाजूंना वाटून टाकलेली असायची. गाणारा आणि बाकीचे बहुतेक उजवीकडे, बास गिटार डावीकडे. उजवा स्पीकर मेलेला, म्हणून ह्यांच्या वाट्याला बास आली. पण तेव्हा दोघांना वाटलं, हे गाणंच असं आहे.

नागपूरला परत जाऊन कॅसेट बदलून कोण आणणार? तीच ऐकायला लागले. सकाळी दाढी करताना तीच, संध्याकाळी भात शिजेपर्यंत तीच. वाजवणाऱ्याचं नाव माहीत नाही, वाद्याचं नाव माहीत नाही. हे म्हणायचे, तो एखादा मोठा ढोल असावा, त्याला तार लावलेली. भाऊजी म्हणायचे, ढोल बोलतो, पण असा चालत नाही. मग ह्यांना फॅक्टरीत नोकरी लागली. तिथल्या एका बंगाली फोरमननं कॅसेट ऐकली, हसला, बँडचं नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एक जुनं मासिक आणून दिलं. त्यात चौघांचा फोटो होता. बासवाला सगळ्यात कडेला. मासिकाच्या घडीत त्याचा अर्धा खांदा गेलेला.

मी लग्न करून जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा तो फोटो भिंतीवर होता. देवाच्या कॅलेंडरशेजारी. मी विचारलं, "हे कोण?"

"बास वाजवते."

मला काही कळलं नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्या पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा त्यांनी हाच प्रश्न केला आणि ह्यांनी हेच उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "बास वाजवते? मंग बास म्हनते तर थांबत काहून नाही? सकाळपासून चालूच आहे!"

मला तो आवाज ऐकूच येत नसे. खरं सांगते. गाणं ऐकू येई, ढोल ऐकू येई, ती किंचाळणारी दुसरी गिटार तर नको म्हटलं तरी ऐकू येई. हे म्हणायचे, "खाली ऐक ना. गाण्याच्या खाली." मी म्हणायचे, गाण्याच्या खाली तर जमीन आहे. मग ह्यांनी फॅक्टरीतल्या एका सुताराकडून लाकडाची मोठी पेटी करवून घेतली, तिच्यात नवा स्पीकर बसवला, आणि माझा तळहात त्या पेटीच्या पाठीवर ठेवला. तेव्हा ते हातातून कळलं. मांजर मांडीवर घुरघुरतं, तसं. आमची मुलगी तान्ही असताना तिला पोटदुखी होती. काही केल्या झोपत नसे. एके दुपारी ह्यांनी तिची दुपटी त्या पेटीवर अंथरली आणि हळू आवाजात गाणं लावलं. पोर झोपली. शेजारणी म्हणाल्या, हे काय शिकवता लेकराला. पण झोपली ते खरं.

भाऊजींना तोवर चिखल्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली होती. भूमिगत खाण. दोन-तीन महिन्यांनी एकदा ते यायचेच. बस बदलत बदलत, पिशवीत त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, दिलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आणि कुठून कुठून मिळवलेली कॅसेट. आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "हे ऐकलं का बे?" मग दोघं पेटीसमोर मांडी घालून बसत. भाऊजी डोळे मिटत. हे मिटत नसत, पेटीकडेच बघत राहत. मधूनच एक जण दुसऱ्याच्या गुडघ्यावर हात मारी. म्हणजे काहीतरी झालं. काय झालं ते मला कळत नसे. मी एकदा भाऊजींना विचारलं, "तो मागं उभा राहतो, त्याला कोणी विचारत नाही, म्हणून का तुम्हाला आवडतो?" मला वाटलं होतं, खाणीच्या आत काम करणाऱ्या माणसाला तसं वाटत असेल.

भाऊजी हसले. "नाही वहिनी. तो मागं उभा राहिला काय, पुढं उभा राहिला काय. मले तो वाजवते ते आवडते. बस."

असं किती वर्षं चाललं. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, मोबाईल आला. मोबाईलवर पहिल्यांदा त्या माणसाला हलताना पाहिलं तेव्हा दोघं आमच्या ओसरीवर होते. इतक्या वर्षांनी कळलं की तो वाजवताना डावा पाय जरा मागे ठेवतो आणि कधीच हसत नाही. भाऊजी म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, हा हसणारा नाही." जसं काही लग्नाच्या स्थळाबद्दल बोलत होते.

मग एक दिवस बातमी आली की त्याची बोटं आता ऐकत नाहीत. हात थरथरतात. तो बँड सोडतो आहे. त्या दिवशी फोनवर दोघं बराच वेळ बोलले. त्यांना वाटलं, आता बँडच बंद होणार. पण बँड बंद झाला नाही. त्यांनी एक तरुण मुलगा घेतला, बासवर. दोघांनी ठरवून टाकलं की आपण तो बँड आता ऐकायचा नाही. जुनं आहे तेवढं पुरे.

आणि नेमका त्यानंतर तो बँड मुंबईला आला.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं दोन तिकिटं काढली, बाबांसाठी आणि काकांसाठी. तिला वाटलं, दोघं नाचतील. भाऊजींनी तिला फोनवर अगदी मायेनं सांगितलं, "बेटा, तू आठवण ठेवली, मले लय बरं वाटलं. पण त्याच्या जागेवर दुसरा उभा आहे, ते मले पाहाले होत नाही." हेही जाणार नव्हते. पण पोरीनं इतक्या हौसेनं काढलेलं तिकीट, त्यांना नाही म्हणवेना. शेवटी बापलेक गेले.

परत आले त्याच सकाळी ह्यांनी भाऊजींना फोन लावला. मी समोर सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत होते. हे सांगत होते, गर्दी किती, स्टेज केवढं, गाणारा किती म्हातारा झाला, पण अजून उड्या मारते. तिकडून भाऊजी हं हं करत असावेत. मग हे म्हणाले, "गड्या, एक सांगू का? नवा पोट्टा बी चांगला वाजवते."

तिकडून काही आलं नाही.

"ऐकू येऊन राहिलं का?"

फोन कट झालेला होता. ह्यांना वाटलं, रेंज गेली. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी लावला. वहिनींनी उचलला, म्हणाल्या, अंघोळीला गेले आहेत. तिसऱ्या दिवशीही अंघोळीलाच गेले होते.

मग ह्यांनीही लावणं सोडलं. "त्याले वाटते मी बेइमान झालो," एवढंच एकदा म्हणाले. पेटीवर मी फ्लॉवरपॉट ठेवला, तरी काही बोलले नाहीत. वहिनींचं आणि माझं मात्र चालू होतं. गुडघे, लोणचं, त्यांचा मुलगा, माझी मुलगी. नवऱ्यांचा विषय निघाला की दोघी हसायचो आणि दुसरं काहीतरी बोलायचो.

गेल्या वर्षी धान चुरून, मळून झालं होतं. अंगणात पोती उभी होती आणि थोडं धान वाळत घातलं होतं. हे त्याच्यातून पाय ओढत धान वरखाली करत होते आणि खिशातला मोबाईल वाजला. मेसेज. मुलीचा. ह्यांनी चष्मा लावून वाचला आणि धानातच खाली बसले.  दीर गावी आजारी होते. मी धावत गेले.

"कोण गेलं? गावचे भाऊजी का?"

"नाही," हे म्हणाले. "आपला बासवाला गेला."

'आपला' म्हणाले. मी मोबाईल हातात घेतला. पांढऱ्या केसांचा, गाल बसलेला एक म्हातारा होता फोटोत. मी ओळखलंच नाही त्याला. माझ्या ओळखीचा तो मासिकाच्या घडीतला होता.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी ताट वाढलं, ते पुढ्यात घेऊन बसले, भातात बोटं फिरवली आणि उठले. शेजारच्या घरी कळलं. शेजारीण म्हणाली, "परक्या देशाचा मानूस, ना ओळख ना पाळख, त्याच्यासाठी उपाशी राहिले?" मी म्हटलं, राहिले खरे. दुपारभर मोबाईल हातात. भाऊजींचं नाव काढायचं, बघायचं, बंद करायचं. मी म्हटलं, लावा ना. हे म्हणाले, "त्याले समजलं असन. तोच करन." चार वाजले. भाऊजींचा फोन काही आला नाही. मला ते बघवेना. मी आत जाऊन वहिनींना लावला.

वहिनी कुजबुजत बोलत होत्या. "ताई, तुम्हीच सांगा मी काय करू. इथं तर मानसं जमा झाली."

झालं असं होतं. सकाळी बातमी कळल्यावर भाऊजींनी त्या माणसाचा फोटो तुमसरला जाऊन मोठा करून आणला. ओसरीत खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली आणि बाजूला पोत्यावर बसले. त्यांचं घर खाणीच्या वसाहतीला लागूनच, रस्त्यावर. येणारा-जाणारा हार घातलेला फोटो बघतो, बाजूला भाऊजी मान घालून बसलेले. कुणाला काय वाटणार? एक आला, टोपी काढून बसला. त्याला पाहून दुसरा आला. बायका आल्या. शेजारच्या म्हातारीनं तर वरण-भात करून आणला, कडू घास म्हणून. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच आणून देतात.

"मी काय सांगू लोकायले?" वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. "आनि हे तर बोलून नाही राहिले. तुमच्या घरून फोन येईन म्हनून फोन मांडीवर घेऊन बसले."

मी म्हटलं, "आम्ही उद्या येतो."

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यानं बोलावलं का?"

"मयताच्या घरी बोलावणं लागते का?" मी म्हटलं.

 हे उठले आणि पांढरा शर्ट कुठे आहे ते विचारायला लागले.

साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर आणि तिथून पुढे काळीपिवळी जीप.  चिखला जवळ आलं तशी रस्त्याची धूळ काळी होत गेली, खनिजाचे ट्रक समोरून यायला लागले. घरासमोर उतरलो तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं होती. दुसऱ्या दिवशीही. भाऊजी त्याच पोत्यावर. दोन वर्षांत बरेच वाळले होते.

त्यांनी वर पाहिलं. हे पायरीशी उभे. मला भीती वाटली, कोण आधी काय बोलतो.

"आला का?" भाऊजी म्हणाले.

"आलो."

"बस."

हे चपला काढून त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. बस, एवढंच. वहिनींनी मला आत ओढलं, पण मी दारातच थांबले. मला बाहेरचं ऐकायचं होतं.

शेजारची म्हातारी फोटोसमोर बसली होती. तिनं ह्यांना विचारलं, "तुमी बी त्याच्याकडचेच का जी?"

ह्यांनी मान हलवली.

"वय काय होतं?"

"ऐंशीच्या घरात," हे म्हणाले.

"लेकरं-बाळं?"

भाऊजींनी सांगितलं, "दोन पोरी. नातू बी आहेत."

"बायको?"

"आहे."

"मंग भरल्या घरातून गेला बिचारा," म्हातारी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. खरंच पुसले. मला आधी हसू येत होतं, ते तिथेच गेलं.

एका तरुण माणसानं, बहुतेक खाणीतलाच असावा, विचारलं, "काका, हा करत काय होता?"

"बास वाजवत होता."

"म्हंजे?"

भाऊजी आणि हे एकमेकांकडे बघायला लागले. दोन वर्षांनी पहिल्यांदा सरळ डोळ्याला डोळा. मग भाऊजी आत गेले आणि टेपरेकॉर्डर घेऊन आले. तोच. उजवा स्पीकर अजून मेलेला. मला वाटलं होतं, तो कधीच भंगारात गेला असेल. कॅसेट किती घासलेली, सुरुवातीला नुसती खरखर. मग तो आवाज आला.

ओसरीवर सगळे गप्प बसून ऐकत होते, जसं भजन ऐकावं. कुणाला काही कळलं असेल असं नाही. गाणं संपल्यावर म्हातारी म्हणाली, "हे तर आमच्या वावरातल्या इंजनावानी वाजते. रात्रंदिवस पानी ओढत राहते ना, तसं."

मला वाटलं, आता भाऊजी चिडतील. त्यांनी तर ह्यांच्या गुडघ्यावर हात मारला. "ऐकलं का बे? बाईनं पहिल्याच झटक्यात पकडलं!" आणि दोघंही हसले. लोकही हसले. हार घातलेल्या फोटोसमोर हसताना जरा चुकल्यासारखं वाटलं, पण हसले.

दुपारी माणसं पांगली. आम्ही चौघं आत जेवायला बसलो. म्हातारीचाच वरण-भात होता, त्या दिवशीही तिनं आणला होता. जेवताना भाऊजी भाताकडे बघत म्हणाले, "तो नवा पोट्टा खरंच चांगला वाजवते का?"

 माझ्या मनात आलं, म्हणा नाही, एवढ्यापुरतं म्हणून टाका. पण हे म्हणाले, "वाजवते गड्या. मी खोटं कायले बोलू?"

वहिनींनी वाटीतला चमचा खाली ठेवला.

"दाखव," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी उष्ट्या हातानंच मोबाईल काढून माझ्याकडे दिला, मी तो व्हिडिओ लावला. मुंबईच्या कार्यक्रमात ह्यांनी स्वतः घेतलेला. हललेला, लोकांची डोकी मध्ये येणारी. भाऊजींनी मोबाईल कानाला लावला, बघायलाही तयार नव्हते. फक्त ऐकत होते. कपाळाला आठ्या. हात भातात तसाच.

मग एकदम त्यांनी मोबाईल कानापासून दूर केला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "तो चुकला."

"होय," हे म्हणाले.

"मुद्दाम चुकला."

"मी तेच तर तुले सांगनार होतो त्या दिवशी. तू फोनच कापला."

मला काही समजेना. तेव्हा ह्यांनी मला आणि वहिनींना सांगितलं. व्हिडिओतलं गाणं त्या जुन्या कॅसेटवरचंच, त्यात एक जागा आहे. तिथे बासवाल्याचं बोट किंचित उशिरा पडलं होतं, रेकॉर्डिंगच्या वेळी. चूकच ती. पण ती तशीच राहिली, आणि जगभर जे ते गाणं मनापासून ऐकतात त्यांना ती जागा माहीत आहे, ती आली की त्यांना बरं वाटतं. नव्या मुलाला ते बोट वेळेवर टाकता आलं असतं. त्यानं टाकलं नाही. म्हाताऱ्यानं टाकलं होतं तसं, तेवढंच उशिरा टाकलं. तीस-चाळीस हजार लोकांसमोर.

भाऊजींनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी पाहिलंही. त्या मुलाला पाहताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते डाव्या हाताच्या मनगटानं पुसत राहिले, कारण उजवा हात भातानं भरलेला होता. वहिनी उठून पाणी आणायला आत गेल्या. मीही त्यांच्यामागे गेले. स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या, "ह्यायची आई गेली तवा रडले होते. त्यानंतर आजच."

बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "लहान आहे बे, पोट्टा. आपल्या पोरायएवढा असन."

"त्याहून लहान," हे म्हणाले.

आम्ही एक रात्र राहिलो. सकाळी दोघं फिरायला म्हणून खाणीच्या रस्त्यानं गेले आणि उन्हं चढल्यावर आले, तेव्हा भांडत होते. कोणती रेकॉर्ड त्याची सगळ्यात चांगली, यावर. वहिनी म्हणाल्या, "झालं सुरू," आणि इतक्या समाधानानं म्हणाल्या की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

परतताना तुमसरच्या स्टँडवर भंडाऱ्याची बस लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो. ह्यांच्या हातात वहिनींनी दिलेल्या सांबारवड्यांचा डबा. हे एकदम म्हणाले, "तुले एक विचारू का? तुले हे आवडते का गं, का माझ्यासाठीच ऐकते?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न ह्यांनी पहिल्यांदाच केला. मी जरा विचार केला. खोटं कशाला बोलायचं?

"गाणं नाही आवडत," मी म्हटलं. "तो किंचाळतो ते तर मुळीच नाही. पण तुम्ही दोघं ऐकत बसता ना, ते पाहाले आवडते मले."

 मला वाटलं, दुखावले. मग डबा उघडून त्यांनी एक वडी माझ्यापुढे धरली. "मंग पाहत जा," म्हणाले.

बस आली. खिडकीची जागा मी घेतली. बस सुरू होऊन जरा पुढे गेली नाही तोच ह्यांचा मोबाईल वाजला. भाऊजींचा फोन होता. त्यांना तो दुसरा मुद्दा आत्ता आठवला होता, रेकॉर्डचा. हे मोठमोठ्यानं बोलायला लागले. पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघायला लागली, कंडक्टरही बघायला लागला. मी तिकिटं काढली आणि त्यांना बोलू दिलं.